दहावीचं इंग्रजी: कान आणि डोळे तयार करताना

माझ्या शिकवणीला येणारी मराठी माध्यमाची पोरं व्याकरण घोटून येतात, पण कुणी इंग्रजी वाचून दाखवलं की बावरतात. लेखी पेपर 80 गुणांचा. उरलेल्या 20 मध्ये ऐकणं-बोलणंही येतं, हे जानेवारीपर्यंत कुणाच्या गावीच नसतं.

ऐकायला आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. पहिली दोन-तीन मिनिटं पुरेत. आधी वही मिटून ऐका. मग पुन्हा लावून फक्त नावं, आकडे, ठिकाणं टिपा. तिसऱ्यांदा एकेक वाक्य थांबवून लिहा. ‘पिक इट अप’ कानावर ‘पिकिटप’ असंच पडतं; तसंच मोठ्यानं म्हणा, पुढच्या वेळी अडत नाही. (आणि इंग्रजी व्हिडिओ लावून सराव केलात, तर मराठी सबटायटल नकोत. खरंच नकोत.)

उताऱ्याला मात्र आधी प्रश्न वाचा. प्रश्नातलं नाव किंवा साल उताऱ्यात शोधा, त्याच्या मागचं-पुढचं वाक्य बघा. उत्तर बहुतेकदा तिथंच असतं. चूक-बरोबर ठरवलं ते कोणत्या ओळीवरून, तिच्याखाली मी पेन्सिलनं रेघ मारायलाच लावते. अडलेल्या शब्दासाठी लगेच मोबाइल उघडू नका, परिच्छेद संपवा. सरावाला उतारे कमी पडले तर बालभारतीच्या संकेतस्थळावर नववीचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं.