विसार घेण्यापूर्वी: जमिनीचा खरेदीदार परदेशी नाही ना, हे कसे तपासावे

खानदेशला देशाची सीमा लागत नाही, म्हणून परकीयांच्या जमीनमालकीचा आणि राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आपल्या शिवारापर्यंत येत नाही, असे अनेकांना वाटते. पण भुसावळ आणि वरणगाव येथे आयुधनिर्माणी आहेत, भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे आणि साक्रीच्या माळरानावर वीजप्रकल्पांसाठी मध्यस्थांमार्फत जमिनीचे व्यवहार होतात. त्यामुळे जमीन नेमकी कोणाच्या हाती जाते आहे, हे विक्रेत्याने स्वतः पाहिले पाहिजे.

प्रथम खरेदीदाराचा पासपोर्ट पाहावा. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. सन २०१९च्या परकीय चलनविषयक नियमांनुसार पाकिस्तान, चीन, बांगलादेश, अफगाणिस्तान, इराण, श्रीलंका, नेपाळ, भूतान, उत्तर कोरिया, हाँगकाँग आणि मकाव येथील नागरिकांना, ते भारतात राहत असले तरी, रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता घेता येत नाही. जास्तीत जास्त ५ वर्षांच्या भाडेपट्ट्याला मात्र ही अट नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेला पुतण्या मात्र या यादीत बसत नाही, आणि त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे कारणही नाही. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) असेल, तर त्याला गावात घर किंवा बिनशेती प्लॉट घेता येतो, वारसाहक्काने शेतीही मिळू शकते. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत मात्र घेता येत नाही. पैसे बँकेमार्फतच यावेत, परकीय चलनी नोटा स्वीकारू नयेत.

खरी अडचण कंपनीच्या बाबतीत येते. नोंदणी भारतातली असली, तरी भागभांडवल बाहेरचे असू शकते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून संचालकांची नावे आणि वार्षिक विवरणपत्र पाहावे. भागधारक दुसरी कंपनी असेल, तर तिचेही भागधारक शोधावेत आणि माणसांच्या नावापर्यंत पोहोचल्याशिवाय थांबू नये. आपल्या भूसीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीसाठी एप्रिल २०२०पासून सरकारी मंजुरीची अट आली आणि तेथील नागरिकांना संचालक नेमण्यासाठी जून २०२२पासून गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी बंधनकारक झाली. अशी गुंतवणूक दिसल्यास मंजुरीची प्रत लेखी मागावी.

‘सातबाऱ्यावर नाव तुमच्याच गावच्या माणसाचे लागेल, पैसे आम्ही देऊ’ असे कोणी सुचवले, तर तो व्यवहार बेनामी ठरू शकतो. त्यात जमीन जप्त होते, शिवाय १ ते ७ वर्षे सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. धडगाव, अक्कलकुवा भागातील आदिवासी खातेदारांची जमीन बिगर-आदिवासींना विकण्यास जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आधीच आडवे येते.

एवढे करूनही शंका उरली, तर साठेखत करू नये. कागदांच्या प्रती जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत विसाराचा एक रुपयाही स्वीकारू नये.