जर्मनीचे ब्लू कार्ड : कोल्हापुरातून तयारी करताना

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चार-सहा वर्षे काम केलेल्या इंजिनिअरला जर्मन कंपनीचे नियुक्तीपत्र येणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. पत्र आले की घरात पेढे येतात आणि लगोलग एजंटला फोन जातो. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असताना आणि निवृत्तीनंतरही अशा बऱ्याच फायली माझ्याकडे वाचायला आल्या. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, तो फोन करण्याआधी पदवी, नोकरीचा करार आणि पासपोर्ट हे तीन कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचावेत. हे तीन कागद एकमेकांशी जुळत असतील तर पुढचे काम कारकुनी आहे, आणि जुळत नसतील तर एजंटलाही ते जुळवता येत नाहीत.

ब्लू कार्ड हा उच्चशिक्षित बिगर-युरोपीय व्यावसायिकांसाठी असलेला निवास परवाना होय. डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता युरोपीय संघातील बाकीचे 25 देश तो देतात, परंतु पगाराची अट व कार्यपद्धती प्रत्येक देशाची वेगळी असल्यामुळे येथे फक्त जर्मनीचा विचार केला आहे. जर्मनीने 18 नोव्हेंबर 2023 पासून आपले नियम बरेच सैल केले, त्यामुळे त्याआधी गेलेल्या मित्राचा सल्ला प्रेमाने ऐकावा, पण जसाच्या तसा मानू नये.

सुरुवात पदवीपासून करावी. परदेशी पदव्यांची नोंद ठेवणारी ‘अनाबिन’ नावाची जर्मन माहितीप्रणाली इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. तिच्यात दोन गोष्टी स्वतंत्रपणे शोधाव्या लागतात : पदवी देणाऱ्या संस्थेचा दर्जा आणि त्या पदवीचा दर्जा. इथे आपल्याकडचे उमेदवार हमखास चुकतात, कारण ते आपल्या महाविद्यालयाचे नाव शोधतात, ते सापडत नाही आणि मग धीर सोडतात. वास्तविक संलग्न महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्याला पदवी विद्यापीठ देते. पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावर ज्या विद्यापीठाचे नाव छापले आहे तेच शोधायचे असते. संस्थेपुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा असावा आणि पदवीपुढे ‘एन्टश्प्रिश्ट’ (जुळते) किंवा ‘ग्लाइशवेर्टिश’ (समतुल्य) असा शब्द असावा. ‘बेडिंग्ट फर्ग्लाइशबार’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ अंशतः तुलनीय एवढाच होतो आणि तेवढ्यावर भागत नाही. दोन्ही पाने ज्या दिवशी पाहिली त्याच दिवशी छापून फायलीत लावावीत.

पदवी यादीत नसेल किंवा शेरा अर्धवट असेल, तर बॉनमधील ‘झाब’ या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीच्या तुलनात्मकतेचे पत्र मागवावे लागते. त्याचे शुल्क 208 युरो आहे. या पत्राला वेळ लागतो, म्हणून नोकरीच्या मुलाखती चालू असतानाच अर्ज करून ठेवलेला बरा. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा ब्लू कार्डासाठी विद्यापीठीय पदवी ठरत नाही, मग हाताशी असलेला अनुभव कितीही पक्का असो. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी. ई. पूर्ण केलेल्यांना मात्र ही अडचण नाही. पदवीच्या अटीला अपवाद आयटी क्षेत्राचा आहे : मागील सात वर्षांत किमान तीन वर्षांचा उच्च दर्जाचा संबंधित अनुभव असेल, तर तेथे पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकते. डॉक्टरांचा रस्ता निराळा आणि लांबचा आहे, कारण त्यांना आधी वैद्यकीय व्यवसायाचा जर्मन परवाना व त्यासाठी भाषेची परीक्षा आवश्यक असते.

आता करार. नोकरी किमान सहा महिन्यांची आणि शिक्षणाला साजेशी असावी, ही अट सहसा आपोआप पूर्ण होते. खरा अडसर पगाराचा असतो. 2026 साठी किमान वार्षिक ग्रॉस पगार, म्हणजे कर व विमा कापण्यापूर्वीचा पगार, 50,700 युरो ठरलेला आहे. अभियंते, आयटी तज्ज्ञ, डॉक्टर यांसारख्या टंचाईच्या व्यवसायांना, तसेच पदवी मिळून तीन वर्षे उलटली नसतील अशांना, 45,934.20 युरो पुरतात; मात्र या सवलतीच्या मर्यादेत तेथील केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते आणि ती व्हिसा कार्यालय स्वतःच मागवते. 2025 मध्ये हेच आकडे 48,300 आणि 43,759.80 होते. दरवर्षी 1 जानेवारीला ते बदलतात, कारण ते निवृत्तिवेतन विम्याच्या वार्षिक अंशदान-मर्यादेशी, म्हणजे ज्या पगारापर्यंत विम्याचा हप्ता आकारला जातो त्या रकमेशी, बांधलेले आहेत.

या वाढीचा फटका कसा बसतो ते एका उदाहरणाने पाहू. ओतकामाच्या डिझाइनमध्ये मुरलेल्या एका अभियंत्याला ऑक्टोबर 2025 मध्ये 44,500 युरोंचा करार मिळाला, असे समजा. त्या वर्षीच्या सवलतीच्या मर्यादेपेक्षा तो सातशेहून अधिक युरोंनी वर होता. दिवाळी झाली, घरातले एक लग्न झाले आणि अर्ज जानेवारीत गेला, तर तोच करार 1,434 युरोंनी कमी पडतो. म्हणून सही करण्यापूर्वीच पुढच्या वर्षीची वाढ गृहीत धरून पगार मागावा. कंपनीला ही रक्कम फार मोठी नसते, आणि कारण सांगितले तर बहुधा ती मान्य करते.

आपल्याकडच्या सीटीसीची, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चावर पगार मोजण्याची, सवय येथे घात करते. सीटीसीमध्ये मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधीही धरलेला असतो. जर्मन ग्रॉस पगारात मालकाचा सामाजिक विम्याचा वाटा धरत नाहीत, तो त्याच्यावर वेगळा असतो. ‘कामगिरीनुसार बोनस’ असे मोघम लिहिलेले आकडे हिशेबात धरू नयेत. करारात हमीने मिळणारी रक्कम किती आहे तेवढेच पाहावे. पगार थोडक्यात कमी पडत असेल तरी मार्ग संपत नाही, कारण पदवीधर कुशल कामगारांसाठी वेगळा निवास परवाना आहे आणि पंचेचाळीस वर्षांच्या आतील उमेदवारांना त्यात पगाराचा असा ठरावीक आकडा नाही.

तिसरा कागद पासपोर्ट, आणि मराठी माणसाची खरी परीक्षा येथे होते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि कधी त्यापुढे आईचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीची नावे एकत्र असतात. एवढा फरक चालून जातो. परंतु पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असणे, पदवीवर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असणे, किंवा पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असणे, यांतले काहीही निघाले तर खुलाशाचा कागद लागतो. माझ्या घरातल्या एका मुलीच्या पदवीवर वडिलांच्या नावातले एक इंग्रजी अक्षर गळले होते. ते बारा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि ऐन अर्जाच्या वेळी दुरुस्तीसाठी दीड महिना गेला. पासपोर्टमधील दुरुस्तीसाठी कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय कार्यालयाकडे येतो, पण पहिली धाव कोल्हापुरातील पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट केंद्रावर घेता येते. पदवीची दुरुस्ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागातूनच करून घ्यावी.

कागद जुळले की अर्ज कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर भरावा. 2025 च्या सुरुवातीपासून नोकरीसाठीच्या व्हिसाचे अर्ज तेथे ऑनलाइन करता येतात. करार, पदवी व गुणपत्रिका, अनाबिनची पाने, मराठीतल्या कागदांचे भाषांतर, नोकरी सुरू होईपर्यंतचा आरोग्य विमा आणि मालकाने भरलेले नोकरीविषयीचे निवेदन ही त्यातील मुख्य कागदपत्रे होत. या निवेदनातील पदनाम, पगार आणि कामाचे तास करारातल्या शब्दांशी तंतोतंत जुळतात का, हे कंपनीवर न सोडता स्वतः तपासावे. व्हिसाचे शुल्क 75 युरो असून ते रुपयांत भरायचे असते. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात आणि बोटांचे ठसे देण्यासाठी एकदा समक्ष जावे लागते. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने जाणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ घेऊ नये; गाडी कधी वेळेवर पोचते, कधी नाही. कंपनीला घाई असेल तर ती तेथील परदेशी नागरिक कार्यालयात 411 युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. ती मालकानेच करायची असते. ‘मी इथून करून देतो’ म्हणणाऱ्यास पैसे देऊ नयेत.

पती किंवा पत्नीला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तेथे पोचल्यावर नोकरीही करता येते. त्यासाठी महानगरपालिकेतील किंवा ग्रामपंचायतीतील विवाह नोंदणीचा दाखला लागतो. लग्नपत्रिका आणि अल्बम उपयोगाचे नाहीत. 1 मार्च 2024 नंतर प्रथमच असा परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांनाही बोलावता येते, परंतु त्यांचा निर्वाह आणि आरोग्य विमा स्वतः पेलावा लागतो, आणि वयस्कर माणसाचा तिथला विमा फार महाग पडतो. आई-वडिलांना शब्द देण्याआधी हा हिशेब करावा.

पोचल्यावर घर मिळाले की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते, तेव्हा घर ठरवतानाच त्या पत्राची खात्री करून घ्यावी. त्यानंतर परदेशी नागरिक कार्यालयातून प्रत्यक्ष कार्ड मिळते. ते जास्तीत जास्त चार वर्षांचे असते. करार त्याहून कमी मुदतीचा असल्यास करार अधिक तीन महिने. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची असल्यास त्या कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. कायम निवासाचा परवाना ए-1 (अगदी प्राथमिक) पातळीच्या जर्मन भाषेवर 27 महिन्यांत आणि बी-1 (मध्यम) पातळीवर 21 महिन्यांत मागता येतो, अर्थात तेवढे महिने निवृत्तिवेतन विमा भरलेला असला पाहिजे. मधले ते सहा महिने वाचवण्यासाठी भाषेचा अभ्यास कोल्हापुरात असतानाच सुरू करावा. नोकरी सुरू झाल्यावर संध्याकाळी वर्गाला जाण्याइतका उत्साह उरत नाही, असे गेलेली मुले मला फोनवर सांगतात.