आधी मा बू, लाथा नंतर

ठाण्यात उपवन तलावाजवळ पहाटे साडेपाचला आमचे सर येतात. कुंग फू शिकायला नव्याने येणाऱ्यांनो, लाथाबुक्क्यांची घाई करू नका. मी तीन महिने फक्त मा बू केलं आणि ते सोनं होतं. चिनीत मा म्हणजे घोडा, बू म्हणजे पाऊल; घोड्यावर मांड ठोकल्यासारखं उभं राहायचं.

पावलांत खांद्यांच्या साधारण दुप्पट अंतर, बोटं समोर. पाठ ताठ ठेवून खाली या. गुडघे पावलांच्याच दिशेला हवेत. माझे आत यायचे. सरांनी एकदा काही न बोलता माझ्या गुडघ्यांमध्ये मिटलेली छत्री आडवी धरली. जरा ढिलाई झाली की तिची टोकं टोचायची. आठवड्याभरात पाय सुधारले.

सुरुवातीला तीस सेकंद पुरे. मांड्या थरथरल्या तर थरथरू द्या, पण गुडघा दुखला तर लगेच उठा आणि सरांना सांगा. दात आवळू नका, श्वास अडकतो. बूट सपाट तळाचे घ्या.

आल्यावर आणि निघताना सरांना नमस्कार चिनी पद्धतीने: उजवी मूठ, तिला टेकलेला डावा तळहात, डावा अंगठा दुमडलेला.