घरांच्या किमती कोणत्या भागात आणि कशामुळे वाढतात, हे स्वतः कसे तपासावे

घर घेण्यापूर्वी बहुतेक कुटुंबे ‘तिथे सध्या दर काय आहे’ एवढेच विचारतात. चालू दर आणि दराची वाढ या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईतील घर महाग आहे, म्हणून ते दरवर्षी नागपुरातील किंवा सोलापुरातील घरापेक्षा वेगाने महाग होईलच असे नाही. ज्या निर्णयात आयुष्यभराची बचत आणि 20 वर्षांचे हप्ते गुंततात, त्यात हा फरक स्वतः तपासलेला बरा, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती घरबसल्या मिळते.

सुरुवात नोंदणी झालेल्या दस्तांपासून करावी, कारण जाहिरातीतील दर हा मागितलेला असतो, ठरलेला नसतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक देऊन जुने व्यवहार शोधता येतात. सूची क्रमांक 2, म्हणजेच बोलीभाषेतील ‘इंडेक्स टू’, या एकाच कागदावर मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ पाहायला मिळते. शक्यतो एकाच इमारतीतील सारख्या आकाराच्या सदनिकांचे दहा वर्षांपूर्वीचे आणि अलीकडचे दस्त काढावेत.

तुलनेतील सर्वांत मोठी चूक क्षेत्रफळाची होते. महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचे, कामकाज 1 मे 2017 पासून सुरू झाले. त्यापूर्वी दर बहुधा सुपर बिल्ट-अप क्षेत्रावर (जिना, लॉबी यांसारख्या सामाईक जागांचा वाटा धरून) सांगितला जाई, तर आता तो कार्पेट क्षेत्रावर (घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर) सांगितला जातो. समजा, 1,000 चौरस फूट सुपर बिल्ट-अप आणि 700 चौरस फूट कार्पेट असलेली सदनिका दहा वर्षांपूर्वी 50 लाखांना विकली गेली आणि तशीच सदनिका आज 80 लाखांना जाते. जुना दर 5,000 रुपये आणि नवा दर सुमारे 11,400 रुपये असे शेजारी मांडले, तर भाव दुपटीहून जास्त झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वाढ 60 टक्के, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे 4.8 टक्के आहे. गेल्या दशकातील ग्राहक महागाई साधारण 5 टक्क्यांच्या आसपास राहिली, हे लक्षात घेतले तर त्या घराची खरी किंमत जवळपास जागच्या जागीच राहिली. हा हिशेब मांडल्याशिवाय कोणत्याही भागाला ‘वाढणारा’ म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांच्या तक्त्याचा, उपयोग करावा, पण जपून. 2025-26 च्या तक्त्यात मुंबईत सरासरी 3.39 टक्के, तर सोलापुरात 10.17 टक्के वाढ झाली. त्याआधीची दोन वर्षे दर कायम ठेवले होते, त्यामुळे हे आकडे एका वर्षातील बाजाराची चाल दाखवत नाहीत. शहराशहरांतील कल पाहायचा असेल, तर राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा 50 शहरांचा तिमाही निर्देशांक अधिक उपयोगी पडतो.

वाढ मोजल्यानंतर तिचे कारण शोधावे. त्यासाठी त्या भागात नवे रोजगार किती येत आहेत आणि घरांसाठी नवी जमीन किती सहज मिळते आहे, हे दोन प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत, कारण रोजगारातून मागणी निर्माण होते आणि ती मागणी किमतीत उतरेल की नव्या बांधकामात, हे जमीन ठरवते. मुंबईला समुद्र, खाडी, राष्ट्रीय उद्यान, मिठागरे आणि सागरी नियमन क्षेत्राचे निर्बंध यांनी वेढले आहे. तिथे मागणी वाढली की ती थेट दरात दिसते. नागपूर सपाटीवर वसलेले आहे आणि बहुतेक दिशांना पसरू शकते, त्यामुळे मिहानसारख्या (विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग केंद्राच्या) प्रकल्पाने मागणी आणली तरी तिचा मोठा भाग नव्या लेआउटमध्ये जिरतो. पुण्यात दोन्ही गोष्टी दिसतात. जुन्या शहरालगत टेकड्या आणि लष्करी जमीन आडवी येते, तर हिंजवडी आणि खराडी परिसरातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे कडेच्या गावांत इमारती उभ्या राहतात. 2021 मध्ये महापालिकेत 23 गावे आली, पण हद्दीत येणे म्हणजे नळाला पाणी येणे नव्हे. अशा ठिकाणी सोसायटीचा टँकरवरचा मासिक खर्च अवश्य विचारावा.

रस्ता, मेट्रो, पूल यांचा परिणाम खरा असतो, पण तो घोषणेपासूनच किमतीत शिरू लागतो. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झाले आणि उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी. विमानतळाजवळच्या उलवे, पनवेल भागात त्या आशेवर घर घेणाऱ्याला मधली सारी वर्षे हप्ते भरत थांबावे लागले. म्हणून प्रकल्प कागदावर आहे, खांब उभे आहेत की गाडी धावते आहे, हे जागेवर जाऊन पाहावे आणि विलंबाची वर्षे हिशेबात धरावीत.

व्याजदराचा मुद्दा थोडक्यात संपतो. रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना कर्ज देते, तो रेपो दर देशभर एकच असल्याने दोन शहरांतील वाढीचा फरक त्याने फारसा उलगडत नाही.

शेवटची तपासणी भाड्याची. घराचे वार्षिक भाडे भागिले किंमत हा आकडा दोन-तीन वर्षांच्या अंतराने काढावा. भाडे आणि किंमत बरोबरीने वाढत असतील, तर तिथे राहायला येणारी माणसे वाढत आहेत. किंमत चढत असूनही भाडे हलत नसेल, तर खरेदी प्रामुख्याने गुंतवणूकदारांची असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी कामाच्या दिवशी रात्री आठच्या सुमारास त्या संकुलात जावे आणि किती खिडक्यांत दिवे लागले आहेत ते मोजावे.