पन्नाशीनंतर ट्रायथलॉनसाठी पोहताय? या चुका टाळा

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत. गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावरच्या आयर्नमॅन 70.3 या ट्रायथलॉनमध्ये 1.9 किलोमीटर समुद्रात पोहावं लागतं आणि त्यासाठी 1 तास 10 मिनिटं मिळतात. पन्नाशी ओलांडून याच्या तयारीला लागलेल्यांपैकी बरेच जण सायकल आणि धावण्यात पक्के असतात, घोडं अडतं ते पाण्यात. मग सायकलवरचाच हिशेब इथेही लावला जातो: रोज चार लॅप वाढवा, दम आपोआप वाढेल. पण पाणी अंगाला सहज पुढे जाऊ देत नाही. तंत्र चुकीचं असेल तर जास्त लॅप मारून तीच चूक पक्की होते.

सगळ्यात महागात पडते ती श्वासाची चूक. मॅरेथॉन पळणारा माणूस 25 मीटरच्या टँकमध्ये पलीकडे पोचेपर्यंत धापा टाकतो. कारण तोंड पाण्यात असताना त्याने श्वास कोंडून धरलेला असतो. मान वळवली की त्या क्षणभरात सोडायचाही आणि घ्यायचाही. ते जमत नाही, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जीव घाबरा होतो. कठडा धरून उभे राहा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडत राहा. तोंड बाहेर आल्यावर फक्त श्वास घ्यायचा. पंधरवडाभर एवढंच केलं तरी ते वाया जात नाही. टँकवरची पोरं सपासप पुढे जात असतात, तिकडे लक्ष देऊ नका.

समोर बघत पोहू नका. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात. नजर तळाकडे हवी. सायकल चालवणाऱ्यांचे घोटे ताठ असतात आणि ते सायकलचं पायडल मारल्यासारखे गुडघ्यातून पाय मारतात. किक मांडीपासून, छोटी आणि सैल हवी.

खांद्यांना मात्र जपा. या वयात स्नायूबंध लवकर दुखावतात आणि बरे व्हायला महिने लागतात. हातात पॅडल्स (पाणी मागे ढकलायला तळव्यांना लावायच्या पट्ट्या) घालण्याची घाई नको. हात डोक्यासमोर आडवा न टाकता खांद्याच्या रेषेत टाका आणि अंग कुशीवर वळू द्या.

गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असते, त्यामुळे तयारीचे महिने पावसाळ्यात जातात आणि समुद्रात उतरता येत नाही. म्हणून टँकमध्येच दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा बघायची सवय लावा. भिंतीला पाय लावून ढकलणंही अधूनमधून टाळा. समुद्रात भिंत नसते. तिथे एकट्याने कधीच उतरू नका.

ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत, म्हणून नाव नोंदवण्याआधी हृदयाची तपासणी आणि रक्तदाब बघून घ्या. शर्यतीत नुसती धाप लागली तर मदतीची कयाक (छोटी होडी) धरून थांबता येतं. तिच्या आधाराने पुढे सरकलं नाही, तर बाद करत नाहीत. छातीत दुखलं किंवा खोकताना गुलाबी फेस आला, तर हात वर करा आणि लगेच पाण्याबाहेर या.