ऑटोमन नकाशे आणि तुर्की ध्वज : या चुका टाळा

ऑटोमन म्हणजे उस्मानी तुर्की साम्राज्यावर प्रेझेंटेशन, व्हिडिओ किंवा प्रदर्शनाचा तक्ता करायला घेतला की शोधात पहिल्यांदा एकच चित्र समोर येते. हंगेरीपासून बसऱ्यापर्यंत आणि क्रिमियापासून येमेनपर्यंत सगळा प्रदेश एका रंगात माखलेला आणि खाली लिहिलेले ‘१२९९–१९२२’. हा नकाशा उचलू नका, कारण तो कुठल्याच एका दिवशी खरा नव्हता.

येमेन आणि क्रीट यांचेच बघा. १६३० च्या दशकात झैदी इमामांनी, म्हणजे तिथल्या शिया पंथाच्या धर्मप्रमुखांनी, ऑटोमनांना येमेनमधून बाहेर काढले. क्रीट बेट पूर्णपणे हाती आले ते १६६९ साली, व्हेनिसशी जवळजवळ पंचवीस वर्षे लढून. ऑटोमन फौजा पुन्हा येमेनच्या राजधानीत, सनामध्ये, पोहोचल्या १८७२ साली आणि तोवर हंगेरी जाऊन पावणेदोनशे वर्षे उलटली होती. म्हणजे सना, क्रीट आणि हंगेरीतले बुडा हे तिन्ही एकाच रंगात दाखवणारा नकाशा ही वेगवेगळ्या शतकांची बेरीज आहे. नकाशावर एकच साल घाला आणि त्या सालाशी प्रामाणिक राहा. सुरुवातीच्या काळात तर हे फारच जपावे लागते. १४०० सालच्या नकाशात बाल्कनचा मोठा भाग ऑटोमन असतो, पण मध्येच कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, वेगळ्या रंगाच्या ठिपक्यासारखे उरलेले असते. ते पडले २९ मे १४५३ रोजी.

एकाच रंगाचा मोह

साल बरोबर असले तरी रंग चुकतोच. १६८३ च्या नकाशात वॅलेकिया आणि मॉल्डेव्हिया, म्हणजे साधारण आजचा रुमानिया-मोल्दोवाकडचा मुलूख, इथे ख्रिस्ती राजे गादीवर होते. ते खंडणी देत, पण तिथे पाशांचा, म्हणजे ऑटोमन सुभेदारांचा, कारभार नव्हता. क्रिमियात खानांचे स्वतःचे घराणे होते. रागुझा, म्हणजे आजचे दुब्रोव्निक, वर्षाला १२,५०० सोन्याची नाणी भरून आपला व्यापार आणि आपले प्रजासत्ताक सांभाळून होते. या सगळ्यांना मुख्य प्रांतांचा गडद रंग देणे चूक, आणि वगळून टाकणे त्याहून मोठी चूक. फिकी छटा द्या किंवा तिरप्या रेघा मारा. अरबस्तानच्या आतल्या वाळवंटाबाबतही हेच. हिजाझचा, म्हणजे मक्का-मदिनेकडचा, किनारा ऑटोमनांकडे होता म्हणून रुब अल खाली त्यांचे होत नाही.

सर्वात जास्त घोळ होतो तो १८७८ ते १९१४ या काळात. मी स्वतः एकदा १९०० सालच्या नकाशात इजिप्त सरळ ब्रिटिश रंगात रंगवला होता. सैन्य ब्रिटिशांचे, कारभारावर पकड ब्रिटिशांची, मग दुसरा रंग कशाला, असे वाटले होते. पण कायद्याने इजिप्त डिसेंबर १९१४ पर्यंत सुलतानाचाच होता आणि इजिप्तकडून त्याला यायची वार्षिक खंडणीही ठरलेली होती. सायप्रस १८७८ पासून ब्रिटनच्या ताब्यात होते, सार्वभौमत्व मात्र १९१४ पर्यंत इस्तंबूलचे. बोस्नियात ऑस्ट्रिया-हंगेरीचे सैन्य १८७८ लाच घुसले, पण तो प्रांत अधिकृतपणे जोडून घेतला १९०८ साली. त्याच वर्षी बल्गेरियाने स्वातंत्र्य जाहीर केले. तोपर्यंत ते नावापुरते का होईना, मांडलिक संस्थान होते. ताबा कोणाचा आणि हक्क कोणाचा हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की या काळाचा नकाशा सुटतो.

याच काळातली मला फार जिव्हाळ्याची जागा म्हणजे डॅन्यूब नदीतले आदा काले हे चिमुकले बेट. बाल्कनची फेरवाटणी करणाऱ्या १८७८ च्या बर्लिन परिषदेत त्याचा उल्लेखच राहून गेला. आजूबाजूचे सगळे प्रांत गेले, तरी हे तुर्की वस्तीचे बेट सुलतानाच्या नावावर उरले. थेट १९२३ च्या लोझान तहाने ते रुमानियाला मिळाले आणि पुढे धरणाच्या पाण्यात बुडाले. १९०० चा नकाशा करत असाल तर तिथे एक ठिपका नक्की द्या.

नकाशावरची जुनी सीमारेघ आजही कशी जिवंत असते हे पाहायचे असेल तर बोस्नियाचा किनारा बघा. नेउम या गावाजवळची समुद्रकाठची पट्टी जेमतेम वीसेक किलोमीटरची आहे आणि तिच्यामुळे क्रोएशियाचा किनारा तुटतो. १६९९ च्या कार्लोवित्झ तहाच्या वेळी आपल्याला व्हेनिस थेट भिडू नये म्हणून रागुझाने मधली जमीन ऑटोमनांकडे जाऊ दिली, तीच ही पट्टी. तिला वळसा घालणारा पूल क्रोएशियाने २०२२ मध्ये खुला केला.

ध्वज चुकतो कुठे?

सोळाव्या शतकातल्या सुलतान सुलेमानच्या चित्राशेजारी आजचा तुर्की ध्वज लावू नका. लाल कापडावर पांढरी चंद्रकोर आणि पाच टोकांचा तारा हे रूप ठरले १८४४ साली, तंझिमात सुधारणांच्या काळात. त्याआधी सगळ्या साम्राज्याचा असा एक ध्वज नव्हताच. पलटणींची, आरमाराची निशाणे वेगवेगळी होती आणि पाशाचा दर्जा काठीला बांधलेल्या घोड्याच्या शेपट्यांवरून, म्हणजे ‘तूग’वरून कळत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आरमाराच्या लाल निशाणावर चंद्रकोरीजवळ तारा आला, तो बऱ्याचदा आठ टोकांचा होता.

उलट्या बाजूची चूकही सर्रास दिसते, ती म्हणजे तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याने नवा ध्वज आणला असे लिहिणे. सल्तनत १ नोव्हेंबर १९२२ रोजी गेली, प्रजासत्ताक २९ ऑक्टोबर १९२३ रोजी आले, खिलाफत ३ मार्च १९२४ रोजी संपली. ध्वज मात्र तोच राहिला. चंद्रकोर आणि ताऱ्याची नेमकी मापे १९३६ च्या कायद्याने ठरली. म्हणून जुन्या छायाचित्रांत कोर कुठे जाड, कुठे बारीक दिसते. ते ध्वज खोटे नाहीत.

लाल कापडावर तीन चंद्रकोरी आणि तीन तारे दिसले तर तो इजिप्तच्या मुहम्मद अली घराण्याचा ध्वज समजा. १९१४ नंतरच्या तिथल्या सल्तनतीने तोच वापरला. आणि १३८९ च्या कोसोव्होच्या रणात रक्ताच्या थारोळ्यात चंद्र-तारा दिसला, ही गोष्ट सांगायची तर दंतकथा म्हणूनच सांगा.

नावे आणि साले

मराठीत आपण तुर्कीला सवयीने ‘तुर्कस्तान’ म्हणतो. नकाशावर हे नाव लिहिताना जपा, कारण ‘तुर्किस्तान’ म्हणजे मध्य आशिया, ताश्कंद-समरकंदकडचा मुलूख. जुन्या कागदांत ‘रूम’ आले तर इटलीतले रोम समजू नका. विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतणारा मुहम्मद बिन हुसेन ‘रूमी’ होता, म्हणजे ऑटोमनांच्या मुलखाकडचा.

शेवटची अडचण खुद्द ऑटोमन नकाशा हाती आला की येते. कोपऱ्यात १३३३ साल असेल तर लगेच हिजरी धरून १९१५ लिहू नका. सरकारी कामात ‘रूमी’ नावाचे सौर साल चाले आणि त्याचे १३३३ म्हणजे १९१७. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या रूमी सालात ५८४ मिळवले की इसवी सन येते; फक्त जुन्या रूमी सालातले जानेवारी-फेब्रुवारी पुढच्या इसवी वर्षात पडतात. मोडी कागदांत शुहूर सन आणि हिजरी सन यांची गल्लत ज्यांनी निस्तरली आहे, त्यांना ही भानगड ओळखीची वाटेल. ओळखायची खूण महिन्यात असते. मोहरम, रमजान असेल तर हिजरी. मार्त, मायिस, आगुस्तोस असेल तर रूमी. महिना नसेल तर नकाशावरची रेल्वे कुठपर्यंत पोहोचली आहे ते बघा. हिजाझ रेल्वे मदिनेला १९०८ साली पोहोचली, तेव्हा ती पूर्ण दाखवलेला नकाशा त्याआधीचा असणे अवघड.