दोघं दोन देशांत: जोडीदारासाठी व्हिसाचा मार्ग कसा निवडावा

व्हिसांच्या याद्या वाचत बसण्याआधी दोघांनी निवांत बोलून तीन गोष्टी ठरवाव्यात. राहायचं कोणाच्या देशात, लग्न करायचंय का आणि केव्हा, आणि तोवर किती महिने लांब राहणं झेपेल. ही उत्तरं पक्की झाली की बरेचसे पर्याय आपोआप गळतात. ‘सगळ्यात लवकर कोणता मिळतो’ एवढंच बघून अर्ज केला, तर तिथे पोचल्यावर कळतं की या व्हिसावर नोकरीच करता येत नाही.

१. आधी भेटा, आणि भेटीचं कारण खरं सांगा

पर्यटक व्हिसा हा गाठीभेटींसाठी, कायमचं राहायला नव्हे. शेंगेन देशांत (आपापसात सीमातपासणी नसलेला युरोपातल्या देशांचा गट) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि एका शेंगेन देशातून दुसऱ्यात गेलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. अमेरिकेचा कायदा तर पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच राहायला येतोय असं धरूनच चालतो. तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. नोकरी, शिक्षण, घर, आईवडील, जे काही तुम्हाला परत ओढून आणणारं आहे त्याची कागदपत्रं जोडा.

जोडीदार तिथे राहतो हे लपवण्याचा मोह होतो. तो टाळाच. विमानतळावर अधिकारी विचारतो, ‘कशासाठी आलात?’ ‘मैत्रिणीला भेटायला. तीन आठवडे. हे परतीचं तिकीट.’ एवढं उत्तर पुरतं. ‘फिरायला’ म्हणालात आणि फोनमध्ये तिच्याशी नोकरी शोधण्याच्या गप्पा सापडल्या, तर मात्र कठीण. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडा पाच वर्षं, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करतं. अमेरिकेत ही बंदी कायमची असते, सूट मिळाली तरच सुटका.

एकाच्या पासपोर्टवर दुसऱ्याचा देश सहज उघडत नसेल, तर दोघांनाही सोपा असा तिसरा देश भेटीसाठी शोधा.

२. लग्न आधी की व्हिसा आधी

इथे देशागणिक नियम बदलतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

अमेरिकेचा के-१ हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा. तो फक्त अमेरिकी नागरिक मागू शकतो, ग्रीन कार्डधारक नाही. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली हवी, आणि तिथे पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न. त्यानंतर ग्रीन कार्डचा वेगळा अर्ज, वेगळी फी. मधल्या काळात कामाचा आणि प्रवासाचा परवाना हाती येईपर्यंत घरी बसावं लागतं. उलट लग्न करून सीआर-१, म्हणजे नवविवाहित जोडीदाराचा व्हिसा, घेतला तर माणूस कायम रहिवासी म्हणूनच उतरतो आणि लगेच नोकरी धरू शकतो. लग्न लवकर करायला हरकत नसेल, तर माझ्या मते सीआर-१ बरा.

ब्रिटनचा वाग्दत्त व्हिसा सहा महिन्यांचा, त्यात काम करता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाग्दत्त व्हिसात (सबक्लास ३००) ९ ते १५ महिने मिळतात. कॅनडात असा व्हिसाच नाही.

ऑनलाइन लग्नाच्या जाहिराती दिसतील. सावध राहा: समारंभाच्या वेळी दोघं एकत्र नव्हते आणि त्यानंतर पती-पत्नी म्हणून एकत्र आले नाहीत, तर अमेरिका व्हिसासाठी ते लग्न धरत नाही.

३. लग्न नकोच असेल तर

कॅनडात सलग १२ महिने एकत्र राहिलेल्या जोडप्याला लग्नाच्या जोडीदारासारखंच धरतात. धर्म, कायदा किंवा व्हिसाच्या अडचणीमुळे एकत्र राहताही आलं नाही, तर ‘कॉन्जुगल पार्टनर’ (लग्नासारखं नातं असलेला जोडीदार) ही वाट आहे, पण अडचण सिद्ध करावी लागते. समलिंगी जोडप्यांनी ती जरूर तपासावी. ब्रिटनने २०२४ पासून दोन वर्षं एकाच घरात राहण्याची अट काढली. आता दोन वर्षांचं लग्नासारखं नातं दाखवावं लागतं.

शिक्षणाचा किंवा नोकरीचा व्हिसा स्वतःच्या बळावर मिळत असेल, तर तो कमी लेखू नका. नातं पारखायला वेळ मिळतो आणि तुमचं तिथे राहणं जोडीदाराच्या मर्जीवर टांगलेलं नसतं.

४. पुरावे आजपासून जमवा

बहुतेक अर्ज इथेच कच्चे पडतात. अधिकाऱ्याला तुमचं प्रेम मोजायचं नसतं. नातं सलग आहे का आणि घरच्यांना ठाऊक आहे का, हे तो बघतो. त्यामुळे एकाच सहलीचे दोनशे फोटो देण्यापेक्षा वेगवेगळ्या काळातले वीस द्या आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: तारीख, ठिकाण, सोबत कोण. ‘मार्च, तिच्या बहिणीचं लग्न, डावीकडे तिचे वडील’ ही ओळ दहा सेल्फींना भारी पडते.

व्हॉट्सअॅपचं सगळं संभाषण छापू नका, कोणी वाचत नाही. दर महिन्यातली दोन-तीन पानं पुरतात, आणि त्यात आजारपण, पैसे, घर असले रोजचे विषय असू द्या. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, दोघांच्या नावाचं हॉटेल बुकिंग, एकमेकांना पाठवलेले पैसे हे सगळं तारखेनुसार लावा. दोघांनी नात्याची हकीकत आपापल्या शब्दांत लिहावी, पण तारखा जुळतात का हे पाठवण्याआधी पडताळून बघावं.

५. पैसे आणि कागद

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून जोडीदार व्हिसासाठी वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्न लागतं. अमेरिकेत स्पॉन्सरचं, म्हणजे जोडीदाराला बोलावणाऱ्याचं, उत्पन्न साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं, आणि तो जोडीदाराच्या आर्थिक आधाराची जी हमी आय-८६४ या फॉर्मवर देतो ती घटस्फोटानेही संपत नाही. सही करण्याआधी हे दोघांनीही वाचावं. आकडे बदलत राहतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळच बघा.

जन्मदाखला, आधीच्या घटस्फोटाचा हुकूम, अविवाहित असल्याचा दाखला यांना अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) आणि मान्य अनुवाद लागू शकतो. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते आधी तपासा. निकाल हाती येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका, पैसे परत न मिळणारं तिकीटही काढू नका.

अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं आणि अटींसह मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अटी काढण्याचा अर्ज करायचा असतो, आणि तेव्हाही एकत्र संसाराचे पुरावे मागतात: दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खातं, विमा. ही तारीख पोचल्याच्या दिवशीच दोघांच्याही फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.